मुकी वरात

प्रभाकरराव आमच्या घरी पहिल्यांदा आले ते ऐन मे महिन्यात, दुपारी बाराच्या सुमारास, श्रीरामपूरच्या एस.टी.नं. मी म्हटलं, "या, बसा." ते बसले नाहीत. आधी डोक्यावरचा पंखा बंद केला. मग खिडकीतला कूलर. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यातला सेल काढला आणि टीपॉयवर उभा करून ठेवला. आमची ही पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येते न येते तोवर हे गृहस्थ आत जाऊन फ्रिजचं बटणही बंद करून आले होते. घर एकदम गप्प झालं. तेव्हा कुठं ते खुर्चीवर टेकले, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "हां, आता बोला. आधी आवाज, मग मानूस."

नगरच्या मे महिन्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पाट्या बदलल्या, जिभेला अजून वेळ लागतोय) पाहुण्यानं पंखा बंद करणं म्हणजे काय, हे ज्यानं तो उन्हाळा काढलाय त्यालाच कळेल. दोन तास आम्ही घामाच्या धारांत बसून बोललो. जाताना त्यांनी आठवणीनं पंखा लावला, कूलर लावला, घड्याळात सेल घालून काटे जुळवले. फ्रिज तेवढा विसरले. संध्याकाळी दूध नासलेलं निघालं. आमची ही तेव्हापासून त्यांचा उल्लेख 'ते दूधवाले' असाच करते.

खरं तर मी फक्त फोन केला होता. पण त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही. "फोनवर मानूस चपटा ऐकू येतो," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी थेट दारात उभे.

मी माहितीपट करतो. त्या वर्षी दिल्लीच्या एका संस्थेनं मला आमच्या जिल्ह्यातल्या ब्रास बँडवर तासाभराचा माहितीपट करायला सांगितला होता. मी कॅमेरा घेऊन फिरायला लागलो आणि जिथं जाईन तिथं एकच नाव ऐकू यायला लागलं: श्रीरामपूरचे किसन मास्तर. क्लॅरनेट. मास्तरांना जाऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील, पण म्हातारी माणसं अशी बोलत होती की जणू कालच वरात पुढच्या गल्लीत वळली आहे. पुणतांब्याला भेटलेल्या एका शेतकऱ्यानं मला सांगितलं, "आमच्यात मुहूर्त भटजी काढायचा, पन तारीख मास्तर द्यायचा." श्रीरामपूरच्या चर्चमधल्या एका आजोबांचं म्हणणं असं, की नाताळच्या मिरवणुकीत मास्तर वाजवायला लागले की अर्धी हिंदू आळी मेणबत्त्या घेऊन मागं चालायची.

आणि ह्या माणसाचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. रेडिओवर ते कधी गेले नाहीत, कॅसेट कुणी काढली नाही. मग कुणीतरी म्हणालं, अहो, लग्नाच्या व्हिडिओत असतील की! प्रभाकर व्हिडिओकडं जा. जिल्ह्यातली सगळी लग्नं त्यांच्याकडं आहेत.

'व्हिडिओ' हे काही त्यांचं आडनाव नव्हे, दुकानाचं नाव. पण गावानं तेच आडनाव करून टाकलं होतं. लग्नपत्रिकांवरसुद्धा 'श्री. प्रभाकर व्हिडिओ व परिवार' असं लिहून येई. खरं आडनाव काय हे मी विचारलं नाही. आता वाटतं, पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

दुकान स्टेशनकडच्या रस्त्याला, आणि नेमकं पिठाच्या गिरणीला लागून. पंख्याचा आवाज न सोसणाऱ्या माणसाच्या भिंतीपलीकडं दिवसभर गिरणी धडधडायची. त्यामुळं त्यांचं कामाचं वेळापत्रक पंचांगापेक्षा कडक होतं: सोमवारी गिरणीला सुट्टी, तेव्हा दिवसभर, एरवी दुपारी एक ते चार, गिरणीवाला जेवून आडवा होतो तेवढंच. त्या तीन तासांत दुकानाबाहेर कुणी हॉर्न वाजवला तर प्रभाकरराव बाहेर येऊन त्या माणसाकडं असं बघत, की तो गाडी ढकलत पुढं नेई.

आत भिंतभर कपाटं, कपाटांत व्हिडिओ कॅसेटी. दमट हवेनं बुरशी धरू नये म्हणून प्रत्येक कपाटात एक बल्ब कायम जळत असे. आणि मधोमध, जिथं दुसऱ्या कुणी देव्हारा ठेवला असता तिथं, अंडी उबवायचं यंत्र. कुठल्या तरी पोल्ट्रीवाल्याकडून त्यांनी ते पैदा केलं होतं. ओल धरून चिकटलेल्या कॅसेटी त्यात मंद उबेत ठेवायच्या, मग उघडून स्पिरिटनं आणि मलमलीच्या फडक्यानं वीतवीतभर फीत पुसत जायची. "कोंबडीला एकवीस दिवस लागत्यात," ते मला अभिमानानं म्हणाले. "माझी नवरी तिसऱ्या दिवशी भाईर येती."

गावातली माणसं ते नावानं ओळखत नसत, लग्नावरून ओळखत. दुकानासमोरून एक अतिशय करारी चेहऱ्याचे निवृत्त हेडमास्तर चालले होते. प्रभाकरराव माझ्या कानाशी लागले. "हे? रुसलेला जावई. कॅसेट दोन, पंचविसावं मिनिट. स्कूटर पायजे म्हनून पाटावरनं उठलेते. मामानं दंडाला धरून बशिवलं." हेडमास्तरांनी आमच्याकडं एक नजर टाकली आणि पावलं भराभर उचलली. कोण कुणाच्या लग्नात रडलं, कुणी आहेराचं पाकीट उजेडाला धरून बघितलं, सगळं ह्यांना पाठ. पण कधी कुणाची चहाडी केली नाही. कुणाच्या माळ्यावर जुनी कॅसेट सापडली असं नुसतं कानावर आलं की हे पिशवी घेऊन हजर. काष्टीच्या बाजारात कुणीतरी बंद पडलेला व्हीसीआर विकायला आणलाय असं कळलं, तर एस.टी. बदलत तिथवर गेले आणि तो मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं विचारलं, "ह्याचं तिकीट?" तर म्हणाले, "पाच वर्षांखालचाय." कंडक्टरही हसला म्हणे.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या कपाटात माझे मास्तर. मी अधीर होऊन बसलो. एक वाजला, गिरणी थांबली, पहिली कॅसेट लागली. वरात निघाली. पुढं लाल कोटातले बँडवाले, गाल फुगलेले, ढोलावर टिपरू पडतंय, आणि ऐकू काय येतंय? त्या साली गल्लोगल्ली वाजणारं सिनेमातलं गाणं, बाईच्या आवाजात, व्हायोलिनांच्या ताफ्यासकट. मला वाटलं, ही एक कॅसेट अशी असेल. दुसरी लावली, तिच्यातही सिनेमा. तिसरीत सनई, तीही रेडिओवरची. अकरा कॅसेटी बघितल्या, एकाही वरातीत बँडाचा टिपूसभर आवाज नाही.

"प्रभाकरराव, खरा आवाज कुठाय?"

"गेला."

"कुठं गेला?"

"मी घालवला," ते शांतपणे म्हणाले.

मग त्यांनी मला मशीनवरचं एक बटण दाखवलं. ते दाबून गाणं सोडलं की चित्र होतं तसं राहायचं आणि खालचा आवाज पुसून त्या जागी गाणं बसायचं. ह्याला तेव्हा 'मिक्सिंग' म्हणत, पण त्यात मिसळायचं काही नसे, नुसतं पुसायचं. मिक्सिंग नसलं तर लोक कॅसेट परत आणून देत, "आमच्याच लग्नात नुसता गोंगाट कसा?" म्हणून भांडत. जिल्ह्यातल्या प्रत्येक शूटिंगवाल्यानं हेच केलं. एका अख्ख्या पिढीच्या वरातीत बँड मुका आहे आणि न आलेली गायिका गातेय.

मी चिडलो. माझा स्वभाव तसा लवकर पेटणारा, आणि तीन महिन्यांची पायपीट पाण्यात गेलेली. मी म्हणालो, "तुम्ही खून केलाय, प्रभाकरराव. त्या मास्तरांचा खून केलाय."

"व्हय," ते म्हणाले आणि बारावी कॅसेट लावली.

आवाज नाही तर नाही, निदान मास्तर तरी दिसावेत. तेही दिसेनात. ढोलवाला दिसे, ट्रम्पेटवाले दिसत, खुळखुळेवाला तर कॅमेऱ्यात घुसून नाचे. पण क्लॅरनेटवाला जिथं असायला हवा तिथं नेमकी चौकट संपायची. प्रभाकरराव मात्र पडद्याच्या डाव्या कडेला डोळे लावून बसलेले. मधेच ओरडायचे, "आलं! आलं!" मी दचकून बघायचो. कडेला एक लाल बाही, तिच्यावर सोनेरी पट्टी, आणि क्लॅरनेटचं टोक. चार सेकंद. की गेलं. मग ते एक दोनशेपानी वही उघडत आणि लिहीत: 'बेलापूर, कोपर, चार सेकंद.' ती वही मी चाळली. पानंच्या पानं भरलेली. कोपर. पाठ. टोपी. अर्धा गाल. पुन्हा कोपर. मी हसलो. हसू आवरेना. जगात कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी. हा गृहस्थ एका माणसाची कोपरं जमवत होता.

"पण मास्तर सारखे चौकटीबाहेर कसे?" मी विचारलं.

"पार्टी म्हनायची, बँडवाले नगं, पाव्हने घ्या," ते वहीतून मान वर न करता म्हणाले.

तेवढ्यात चार वाजले आणि भिंतीपलीकडं गिरणी सुरू झाली. प्रभाकरराव गिरणीवाल्याला आणखी दहा मिनिटांसाठी गळ घालायला गेले. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, चहा घेऊन आल्या. मी जरा थट्टेनंच म्हणालो, "वहिनी, तीन तास झाले. तुमचे हे त्या मास्तरांच्या कोपराच्या मागं लागलेत. एवढं काय आहे हो त्या कोपरात?"

वहिनी माझ्याकडं बघतच राहिल्या. "तुमाला म्हाईत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "मास्तर म्हंजी आमचे मामंजी. ह्यांचे वडील."

गावातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ते स्वतः सगळ्यांसारखंच 'मास्तर' म्हणत होते. मी जिल्हाभर मास्तर, मास्तर करत फिरलो आणि मास्तरांच्या मुलाला तोंडावर खुनी म्हणून मोकळा झालो.

वहिनींनी पदरानं टेबल पुसता पुसता पुढचं सांगितलं. बापलेक बऱ्याचदा एकाच लग्नात असत. एक बँडात, एक कॅमेऱ्यामागं. "ह्यांना पार्टीची मान्सं हाताला धरून पैल्या पंगतीला बशिवायची, क्यामेरावाले म्हनून. मामंजी मांडवाच्या भाईर. बँडवाल्यांचं पान शेवटाला. एकदा असंच जेवताना कुनीतरी ह्यांना इचारलं, हे मास्तर तुमचे कोन? तर हे म्हनले, 'आमच्या गावचे हायेत.'" वहिनींनी कप माझ्यापुढं सरकवला. "मामंजी पानी प्यायला आल्ते. मागंच उभे हुते."

मी चहा प्यालो. चव काही कळली नाही.

पुढच्या सोमवारी गेलो तेव्हा माफी मागायची तयारी करून गेलो होतो. प्रभाकररावांनी मागू दिली नाही. उबवणीच्या यंत्रातून त्यांनी एकच कॅसेट काढली. "ही माझ्या लग्नाची," ते म्हणाले. "ह्यात मी क्यामेऱ्यामागं न्हाई. म्हनून ह्यात ते हायेत."

स्वतःच्या लग्नात त्यांनी वडिलांना वाजवू दिलं नव्हतं. नवरदेवाचा बाप बँडात शोभत नाही, सासुरवाडीचे लोक काय म्हणतील. मास्तरांना फेटा बांधून खुर्चीत बसवलं आणि बँड कोपरगावचा सांगितला. मास्तर दिवसभर खुर्चीत बसले, आलेल्यागेलेल्याला हात जोडत राहिले. वरात निघाली आणि शेवटी त्यांना राहवलं नाही. कोपरगावच्या क्लॅरनेटवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याचं वाद्य मागून घेतलं. शूटिंगला राहुरीचा माणूस होता. त्याला हे कोण, बाजूला ठेवायचं की नाही, काही ठाऊक नव्हतं. त्यानं सरळ घेतलं.

चाळीस सेकंद. फेटा, पांढरा सदरा, उंच, वाळका माणूस, डोळे मिटलेले, दहाही बोटं स्वच्छ दिसतायत. मी श्वास रोखून बघत होतो, आणि वर पुन्हा तीच सिनेमातली बाई गात होती.

"ह्याच्यावरही मिक्सिंग?"

"सगळ्यांच्या लग्नात घातलं, माझ्यातपन घातलं," ते म्हणाले आणि आवाज बंद केला.

चित्र मुकं झालं तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हाताकडं गेलं. त्यांची बोटं स्वतःच्या गुडघ्यावर हलत होती, मास्तरांच्या बोटांबरोबर, एकाच वेळी उठत होती, एकाच वेळी पडत होती. लहानपणी वडिलांनी शिकवलेलं. पुढं व्हिडिओच्या नादात वाद्य सुटलं, बोटं सुटली नाहीत. "बोटं बघितली की सूर कळतो," ते म्हणाले.

"मग काय वाजवतायत?"

"ते असू द्या."

हे चाळीस सेकंद माझ्या माहितीपटात घेऊ का, असं मी विचारलं. त्यांनी फीत मागं घेतली. मग म्हणाले, "घ्या. पन मुकंच दाखवा. वर काय घालू नगा. एकदा मी घातलं, बास झालं." मी त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला. अगदी मनापासून दिला, हे मला अजून आठवतं.

त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही त्या चाळीस सेकंदांवर काम केलं. ओरखडे काढले, उडालेला रंग परत बसवला, थरथरणारं चित्र स्थिर केलं. प्रभाकररावांना भलताच हुरूप आला होता. मास्तरांच्या फेट्याचा रंग नक्की कोणता ह्यावरून त्यांचं आणि वहिनींचं भांडण झालं. वहिनींनी ट्रंकेतून तो फेटाच काढून आणला आणि टेबलावर आदळला. अबोली. प्रभाकरराव लिंबू म्हणत होते. ते तीन आठवडे मला फार सुखाचे गेले. शेवटी मी चित्र मोठं केलं, आजूबाजूची गर्दी, घोडा, पेट्रोमॅक्सवाल्या बाया सगळं कापून फक्त मास्तर ठेवले. त्यांनी बघितलं. "कापलंत व्हय?" म्हणाले. मी म्हटलं, मास्तर ठळक दिसतात. "दिसत्यात खरं," ते म्हणाले.

माहितीपट तयार झाला आणि दिल्लीच्या लोकांनी तो बघितला. त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, फार सुंदर, पण मधे आवाज गेलाय. मी सगळी हकिकत सांगितली. त्या भल्या होत्या, त्यांना वाईटही वाटलं. पण संगीतावरच्या फिल्ममध्ये चाळीस सेकंद शांतता? लोकांना वाटेल, स्पीकर बिघडला. तिथं एखादं क्लॅरनेट घाला ना.

मी भांडलो असं सांगायला मला आवडलं असतं. मी दोन मिनिटं कुरकुरलो. मग पुण्यातल्या एका चांगल्या वादकाला बोलावलं, त्यानं पडद्याकडं बघून त्या काळचं एक संथ प्रेमगीत वाजवलं, आणि ते चित्रावर असं चपखल बसलं की माझे डोळे भरून आले. मी स्वतःला बजावलं, प्रभाकररावांना आधी सांगायचं. दर दिवशी ठरवलं आणि दर दिवशी पुढं ढकललं. फोनवर माणूस चपटा ऐकू येतो ना, मग समोर बसूनच सांगू, अशी त्यांचीच सबब मी त्यांच्यावर उलटवली. आणि गेलो नाही.

पहिला खेळ श्रीरामपूरलाच ठेवला होता, रविवारी सकाळी दहाला. प्रभाकरराव नऊलाच येऊन हॉलमधले सगळे पंखे बंद करून बसले होते. लोक पत्रिकेनं वारा घेत होते, कुरकुरत होते, पण उठून पंखा लावायची कुणाची छाती नव्हती. सगळ्यांची लग्नं त्यांच्या कपाटात. पहिल्या रांगेत ते आणि वहिनी. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मला बघून हात हलवला.

मास्तर पडद्यावर आले. हॉलमधून एकच हुंकार उठला. आणि क्लॅरनेट सुरू झालं. मागून कुणीतरी म्हातारं माणूस ओरडलं, "मास्तर! त्योच सूर! त्योच!" एक आजोबा उभे राहिले आणि त्यांनी पडद्याला हात जोडले. बायका डोळ्याला पदर लावत होत्या. मी फक्त प्रभाकररावांच्या गुडघ्याकडं बघत होतो. त्यांची बोटं हलत होती. तीनचार सेकंद हलली. मग थांबली. मग त्यांनी मूठ मिटून ती दुसऱ्या हाताखाली ठेवली, आणि शेवटपर्यंत तशीच ठेवली.

शेवटी त्यांना व्यासपीठावर बोलावून शाल-नारळ दिला. दोन शब्द बोला म्हणून माईक हातात दिला. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "आवाज चांगला हुता." आणि खाली उतरले.

तो माहितीपट आता बदलता येत नाही. मी नंतर विचारून बघितलं, दिल्लीहून नकार आला. तो इंटरनेटवर आहे आणि लोक त्याखाली लिहितात, काय ते क्लॅरनेट, असा वाजवणारा पुन्हा होणे नाही. मी कुणाला उत्तर देत नाही. मला लाज वाटते.

खेळाच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी सकाळीच दुकानावर गेलो. म्हटलं, "मी शब्द मोडला, प्रभाकरराव."

"लोक रडले, साहेब. दादांचं नाव झालं," ते म्हणाले. वडिलांना ते दादा म्हणतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "त्यात वाईट काय न्हाई. पन ते गानं दादांनी वाजवलंच न्हाई. बसा. बोटं बघा."

त्यांनी न कापलेली मूळ फीत लावली, मुकी. मास्तरांची बोटं हलली आणि प्रभाकरराव बारीक आवाजात गुणगुणायला लागले. सहा सूर. पाच चढते, आणि सहावा मधेच खाली सोडलेला. मग थोडी जागा. मग पुन्हा तेच सहा. पुन्हा जागा. पुन्हा सहा. चाळीस सेकंदभर दुसरं काही नाही.

"हे गानं न्हाई," ते म्हणाले. "ही हाक हाय. परगावचं लग्न उरकून दादा सकाळी घरी यायचे, तवा गल्लीच्या तोंडाशी उभं राहून एवढंच वाजवायचे. मी पळत जायचो आन् त्यांच्या हातातली क्लॅरनेटची पेटी घ्यायचो. कोटाच्या खिशात माझ्यासाठी बुंदीचा लाडू असायचा. दुसऱ्या कुनासाठी हे त्यांनी कधी वाजवलं न्हाई."

मी पडद्याकडं बघितलं. मास्तर सहा सूर वाजवत होते, मग डोळे उघडून वर बघत होते, वाट बघत होते, आणि पुन्हा वाजवत होते. ते वर कुठं बघतायत हे मला इतके दिवस कळलं नव्हतं, कारण माझं लक्ष फक्त मास्तरांवर होतं आणि तो भाग मी कापून टाकला होता. तिथं, मास्तरांच्या पुढ्यात, घोडा होता. घोड्यावर मुंडावळ्या बांधलेला, पावडर लावलेला तरुण प्रभाकर ताठ बसला होता आणि सरळ समोर कॅमेऱ्यात बघत होता.

"तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का?" मी विचारलं.

"आलं की. हातभर लांब हुते." मग म्हणाले, "क्यामेरा माझ्यावर हुता ना."

मशीनवरच्या त्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं.

"पुढं मिक्सिंगला बसलो तवा ती हाक ऐकवंना मला. म्हनून बटन दाबलं."

चित्र संपलं. त्यांनी फीत मागं घेतली आणि पुन्हा लावली. मास्तरांनी वाजवलं, वर बघितलं, थांबले. प्रभाकरराव खुर्चीतून पुढं वाकले. मला वाटलं, ते वडिलांच्या चेहऱ्याला हात लावतील. पण ते त्या घोड्यावरच्या नवरदेवाशी बोलत होते.

"मागं बघ की, गाढवा," ते म्हणाले. "मागं बघ."